हुडाच्या कडेची फट

तासगाव,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. बागेच्या छाटणीची तयारी सुरू झालीय, त्यामुळे विश्वजित दिवसभर मजुरांच्या मागे असतात आणि घरी फक्त जेवायला येतात. पाऊस अजून हटत नाही. माणला पडला का? आईच्या गुडघ्यासाठी पाठवलेलं तेल मिळालं का? तोफखान्यातल्या नोकरीनं तुमचे कान नेले, त्यामुळे फोनवर तुमच्या वतीनं आईच बोलते आणि अर्धं राहून जातं. म्हणून पत्र. हे एक कारण. दुसरं पुढं येईलच, तोवर चहा मागवा.

अंबूआत्यांचा निरोप आईनं सांगितला. दसरा झाला की त्यांना विमानातून फिरवायचं असं तुम्ही कबूल केलंत म्हणे. त्यांनी नवं लुगडं काढून ठेवलंय आणि आल्यागेल्याला सांगतायत, "वरनं एकदा आपलं रान बगायचं हाय." ऐकून मला हसू आलं, आणि मग कागद पुढं ओढला. गेले तीन आठवडे हे लिहायचं टाळत होते.

गेल्या नोव्हेंबरात माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं तेव्हा तुम्ही दहिवडीत पेढे वाटलेत. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विमान चालवायची ती परवानगी. पण ती मिळाली म्हणून भागत नाही. हात चालू ठेवावा लागतो, नाहीतर विद्या जाते. वर्षाला परीक्षा असते, मधे सराव करायचा. सरावाच्या वेळी डोक्यावर हूड घालतात, घाण्याच्या बैलाला झापड बांधतात तशातलं. समोरचे काटे तेवढे दिसावेत, काचेबाहेरचं काही नाही. बाहेर बघायला शेजारी दुसरा पायलट बसतो. माझ्या शेजारी वाळव्याचा शिवतेज बसायचा.

आबा, मी हुडाच्या कडेनं बाहेर बघत होते.

फार नाही. मान जराशी डावीकडे वळवली की बोटभर फट राहते. तिच्यातून कृष्णेचं वळण दिसलं, कारखान्याची चिमणी दिसली, नाहीतर सागरेश्वरचा डोंगर, की मला पुरे. परक्या माणसाला एवढ्यावर काही कळलं नसतं. मी या मुलखात नांदते, इथंच विमान शिकले. कुठल्या चिमणीनंतर किती वळायचं ते मला झोपेतही सांगता येईल. काटे मी नुसते तोंडदेखले बघायचे. शिवतेजला ते कळायचं. तो हसून म्हणायचा, "वहिनी, तुमास्नी सगळं पाठच हाय की." मला ते कौतुक वाटायचं. मी वहीत सरावाचे तास लिहायचे आणि तो सही करायचा.

आता तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला विमानातून नेलं, त्या दिवसाचं. तुम्ही उजव्या सीटवर बसला होतात. सकाळ मोकळी होती. कोल्हापूर जवळ आलं तसे ढग खाली उतरले. मला मागे फिरता आलं असतं, खरं तर फिरायलाच हवं होतं. पण तुम्ही शेजारी होतात आणि मला मिरवायचं होतं. मी टॉवरकडून ढगातून येण्याची परवानगी घेतली आणि आत शिरले.

सगळं पांढरं. अंग सांगत होतं की विमान सरळ चाललंय. काटा सांगत होता की ते डावीकडे कलतंय आणि खाली जातंय. मी अंगावर विश्वास ठेवला. आणि सवयीनं मान डावीकडे वळवली, नदी शोधायला. हूड नव्हतं, फट नव्हती, नदीही नव्हती. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नाही. उंचीचा काटा पाचशे फूट उतरला तरी मी खिडकीतच बघत होते.

मग तुमचा हात माझ्या पुढून गेला आणि कललेल्या काट्याच्या काचेवर तुम्ही नखानं दोनदा वाजवलंत. मला ते ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. लहानपणी धुक्यात रानात नेऊन हातात होकायंत्र द्यायचात, ते आठवलं. "डोळं काय बी सांगत्यात. काटा काय म्हंतोय त्ये सांग." मी काट्याकडे बघितलं आणि विमान सरळ केलं.

उतरल्यावर मी तुम्हाला वाऱ्याचा झोत होता असं लिहून दाखवलं. ते खोटं होतं. तुम्ही मान हलवलीत आणि गावात जाऊन सांगितलंत, पोरीनं ढगातनं आणलं.

तेव्हापासून मी विमानाला हात लावलेला नाही. केस धुताना डोळे मिटले की न्हाणीघर डावीकडे कलतं, भिंत धरावी लागते. विश्वजितना अजून सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात परीक्षा आहे. नापास व्हायची भीती नाही, आबा, पुन्हा पास व्हायची आहे. मोकळं आभाळ, तेच हूड, तीच फट.

म्हणून आत्यांना मी नेणार नाही. आभाळ मोकळं बघून जाऊ म्हणाल, तर त्या दिवशीही मोकळंच होतं. आत्या हात जोडून शेजारी बसतील. कुठल्या काचेवर वाजवायचं ते त्यांना कुठं ठाऊक?

एसटीच्या पार्सलनं हूड पाठवतेय. आईला सांगून कडेला जाड काळं कापड शिवून घ्या, पार कानापर्यंत. मग तुम्ही स्वतः घालून बघा. आईला अंगणात डाव्या बाजूला उभं करा. तिच्या पदराचं टोक जरी दिसलं तरी उसवून पुन्हा शिवायला लावा. परीक्षा मी पुढं ढकलतेय. आता शेजारी शिवतेज नको, या भागातला कुणीच नको. बाहेरचे एक शिक्षक बघितलेत, पहिल्यापासून शिकवा म्हणून सांगणार आहे.

आत्यांना पावसाचं कारण सांगू नका. भाचीला अजून येत नाही, असंच सांगा. लुगडं दसऱ्याला नेसू देत.

एक राहिलं. एवढ्या काट्यांतून तुम्ही नेमकं कललेल्याच काट्यावर वाजवलंत. म्हणजे वारा नव्हता हे तुम्हालाही कळलं होतं. तरी गावात तसं का सांगितलंत, ते तुमच्या हातानं लिहा. आईकडून फोन नको.

अजून ढगात नेण्याच्या लायकीची नसलेली, तुमची
उत्कर्षा