आईचा कडू पाला

प्रिय एफ्राइन,

तुमच्या खाणीवर आता कडक थंडी पडली असेल. इथे कुस्कोतही सकाळी नळात पाणी गोठतं. मी बरी आहे. म्हणजे कामावर जाते, जेवते, झोपते. त्यापलीकडे फारसं काही वाटत नाही.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आम्ही सध्या बाजारातल्या औषधी पाल्यांची साथीच्या विषाणूवर चाचणी घेतोय. पाला आणायला गेले की बाजारात आईच्या शेजारी पाला विकायला बसणारी एउलालिया हाक मारते, "डॉक्टरीणबाई, माझ्या पाल्यानं नवऱ्याची दारू सुटते का, तेवढं बघ की." सगळ्याजणी हसतात, आई नाही. एके दिवशी तिने आपला कडू पाला स्वतःहून माझ्या पिशवीत घातला. साथीत बाबांना कुठल्याच इस्पितळात खाट मिळेना, तेव्हा तिने त्यांना पाजला होता तोच. "हाही तपास," एवढंच म्हणाली.

आम्ही ताटलीत पेशी वाढवतो, त्यांना विषाणूची लागण करतो आणि वर पाल्याचा अर्क घालतो. दाट अर्कात विषाणू मेला, पण पेशीही मेल्या. मग घरी आई करायची तसाच पातळ काढा केला आणि तो घातला. पेशी जगल्या. विषाणूही जगला.

आईला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "म्हणजे मी त्यांना नुसतं गरम पाणीच पाजत होते."

मी म्हटलं, "त्यानं अपायही झाला नाही, आई."

"तू म्हणणारच तसं," म्हणाली आणि सोलत राहिली. आता तो पाला ती विकायला ठेवत नाही. बाकीच्या जुड्या मांडते, पण गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत नाही.

बाबांना पुरलं त्या दिवशी तू फोनवर तिला म्हणालास, "तुझ्या पाल्यानंच मारलं त्यांना." त्यानंतर तू तिच्याशी बोललेला नाहीस. मी रागावून लिहीत नाहीये, राग यायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. ताटलीवरून माणसाचं सगळं कळत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या काढ्यानं पेशी मेल्या नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिला माझं पटत नाही. ते तुझ्याच तोंडून ऐकायला हवंय तिला. फोन कर. सुचलं नाही तर जेवलीस का, एवढंच विचार. रविवारी ती हल्ली बाजारात जात नाही, घरीच बसते. तुझ्या फोनसाठी नाही, असं म्हणते.

तुझी बहीण,
रूफिना