वापसा कुणी सांगायचा

बोरी, ता. जिंतूर
दि. २१ जानेवारी २०२४

चि. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. लावलं असतं तरी निम्मं मला कळतं आणि निम्मं तुझी आई तिच्या सोयीनं सांगते. त्यापेक्षा पत्र बरं. एकदा समजलं नाही तर दुसऱ्यांदा वाचता येतं.

तूर काढून झाली. आईचा गुडघा थंडीत कुरकुर करतो, पण ती स्वतः त्याहून जास्त करते. बाकी ठीक.

खरं लिहायचं ते अवजार केंद्राबद्दल. मी आणि आश्रुबानं मिळून हे केंद्र उभं केलं, आज पाच गावांना आपली पेरणीयंत्रं भाड्यानं जातात. व्याप वाढला म्हणून नंबर लावायला त्या कंपनीचा प्रोग्रॅम घेतला, आणि तिथंच माती खाल्ली. ज्यानं मोबाइलवर आधी नाव घातलं त्याचा नंबर आधी. आश्रुबाकडे साधा बटणांचा फोन. त्याचं रान मुरमाड, त्यातली ओल बघता बघता उडते. माती फाळाला चिकटत नाही आणि बी उगवण्याइतकी ओल असते, तेवढ्या वापशातच पेरावं लागतं. तो सांगायला आला होता. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, कॉम्प्युटर सांगेल तसं. यंत्र त्याच्या रानात पोचलं तेव्हा वापसा गेलेला होता. सोयाबीन निम्मं उगवलं, त्याला दुबार पेरावं लागलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

कंपनीला म्हणालो, रान बघून नंबर लावता येईल असा बदल करा. फोनवरची मुलगी म्हणाली, प्रोग्रॅम साऱ्या देशाला एकच आहे, एका गावासाठी बदलत नाही. मी बेजार झालो आहे. आश्रुबा परत केंद्रात आला नाही, तर मला हे चालवण्यात काही राम वाटत नाही. उन्हाळ्यात यंत्रं जिंतूरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकीन.

तब्येतीला जप. जावईबापूंना नमस्कार. आमचा जीव तिकडेच लागलेला असतो, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा


हैदराबाद
दि. १ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस उत्तराचा सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं. आश्रुबाकाकांच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेले आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, हे मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

यंत्रं विकू नका. विकायचाच तर तो प्रोग्रॅम विका, असं म्हटलं असतं, पण तो तुमचा नाहीच. भाड्याच्या घरात मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, तशातली गत आहे. दुसऱ्या तऱ्हेचे प्रोग्रॅम असतात, त्यांना ओपन सोर्स म्हणतात. त्यांची आतली रचना सगळ्यांसाठी उघडी असते. कुणीही वाचावी, वापरावी, आपल्या कामाप्रमाणे बदलावी. आमच्या कंपनीत दवाखान्यांसाठी जे करतो त्यातलं बरंचसं असल्याच प्रोग्रॅमवर उभं आहे. अवजारं भाड्यानं देणाऱ्यांसाठीही एक आहे, मी तो उघडून पाहिला. चांगला आहे.

फसवत नाही, आधीच सांगते. दरवर्षीची फी वाचेल, पण काम वाचणार नाही. केंद्रातला जुना कॉम्प्युटर चालेल, मात्र रोज बघायला माणूस लागेल. पिंगळीहून बोरीत सून म्हणून आलेली निकिता परभणीला कॉम्प्युटर शिकली आहे ना? तिला विचारा. शिवाय माझे रविवार जातील, त्याबद्दल तुम्ही मला ज्वारीचं पीठ पाठवायचं.

आईच्या गुडघ्याला शेक द्या, आणि तिला सोयीचं तेवढंच ऐकू नका. आजवर केलीत तशीच माया करत राहा.

तुमची,
उत्तरा


बोरी
दि. १४ फेब्रुवारी २०२४

चि. उत्तरास आशीर्वाद. वि. वि.

पीठ पाठवलं आहे. बाकी गोष्टी इतक्या सहज कबूल नाहीत.

फुकटची वस्तू बिघडली तर मी कुणाची गचांडी धरू? कंपनीची निदान धरता येते. असं लिहिणार होतो, तेवढ्यात कंपनीनंच माझं तोंड बंद केलं. मुदत संपल्यावर फी भरणार नाही म्हणून कळवलं, तर म्हणाले, मग जुन्या नोंदी दिसणार नाहीत. म्हणजे आपल्याच पाच गावांतल्या माणसांची नावं, गट नंबर, सगळं त्यांच्या कुलपात. कोणत्या बांधावरून कुठं जायचं हे त्यांना आम्ही सांगितलं, आणि आता आम्हीच बाहेर.

रात्री आईशी बोलताना उलगडा झाला. संकरित बी दरसाल विकत घ्यावं लागतं, सरळ वाणाचं बी मात्र घरी धरता येतं, शेजाऱ्याला देता येतं, आपल्या रानाला रुळवता येतं. तुझं ते ओपन सोर्स सरळ वाणातलं दिसतं. मग मला समजतं. निकिता तयार आहे. तिला केंद्रातून पगार देऊ, कंपनीला जायचा तो गावात राहील.

पण माझी अट एकच. नंबर वापशावर लागला पाहिजे. ज्याची ओल आधी उडते त्याचं रान आधी. ते जमत नसेल तर तुझा प्रोग्रॅम तुझ्याजवळ.

जपून रहा. इकडची काळजी करू नको, ती करायला तुझी आई समर्थ आहे.

तुझा,
बाबा


हैदराबाद
दि. १० मार्च २०२४

ती. बाबांस सा. नमस्कार. वि. वि.

तुमची अट घातली. निकितानं घरोघर जाऊन सगळी नावं नव्यानं भरली, हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. तिनं स्वतः सांगितलं, तेही कुरकुर न करता.

मी असं केलं होतं की शेतकऱ्यानं स्वतः कळवायचं, माझ्या रानाला वापसा आला. मग हलकं रान आधी, भारी नंतर, असे नंबर आपोआप लागतील. निकितानं परवा गावात रंगीत तालीम घेतली. मार्चच्या उन्हात, जमिनीला भेगा पडलेल्या असताना, जवळजवळ सगळ्यांनी वापसा आल्याचं कळवलं! बन्सीधरकाकांनीही कळवलं, आणि त्यांच्या त्या रानात ऊस उभा आहे. निकितानं विचारलं तर म्हणाले, आता नाव घालून ठेवलं तर जूनमधी आडून बसायला नको.

माझी चूक झाली. हैदराबादेत बसून मला वाटलं, माणूस विचारल्यावर खरं सांगेल. आता तुम्हीच सांगा, वापसा आला हे कुणी ठरवायचं?

लोभ आहेच, वर थोडा सल्लाही पाठवा.

तुमची,
उत्तरा


बोरी
दि. १८ मार्च २०२४

चि. उत्तरास आशीर्वाद. वि. वि.

बन्सीधरचा ऊस वाचून आईला हसू आवरेना.

तुला विसर पडला वाटतं. वापसा आपला आपण सांगायचा नसतो. पेरायची घाई प्रत्येकाला असते, त्यामुळे स्वतःच्या रानातली माती स्वतःला नेहमी तयारच वाटते. आपल्याकडे बांधकरी सांगतो. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे, तो येऊन मूठभर माती दाबतो, गोळा खाली टाकतो. फुटला तर वापसा. तो खोटं बोलत नाही, कारण उद्या त्याचा वापसा आपण सांगायचा असतो.

तेव्हा तुझ्या प्रोग्रॅमला सांग, ज्याचं रान त्याला विचारू नको, त्याच्या बांधकऱ्याला विचार. आणि यात कुणाला सूट नाही.

सुखी रहा. इथला लोभ उन्हाळ्यातही आटत नाही.

तुझा,
बाबा


हैदराबाद
दि. १९ मे २०२४

ती. बाबांस सा. नमस्कार. वि. वि.

बांधकऱ्याचा नियम घातला आणि तालीम पुन्हा झाली. या वेळी एकाही रानाला वापसा आला नाही! मे महिन्यात हेच बरोबर.

एक गंमत झाली. आपण केलेला बदल मी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. वालूरला बायकांचा बचत गट असंच केंद्र चालवतो, तिथल्या मनिषाताईंनी तो घेतला. त्यांच्या बऱ्याच बायकांकडे साधेच फोन, म्हणून त्यांनी त्यात भर घातली. आता प्रोग्रॅम स्वतः बांधकऱ्याला फोन लावतो आणि मराठीत विचारतो, वापसा आला असल्यास एक दाबा. ती भर त्यांनी आपल्याला परत दिली. ना त्यांनी आपल्याला बिल लावलं, ना आपण त्यांना. कंपनीकडे हेच मागितलं असतं तर पुढच्या जन्मी मिळालं असतं.

आता जरा नाजूक गोष्ट. निकिताच्या नोंदीत पाहिलं, आपल्या रानाचे बांधकरी आश्रुबाकाका आहेत, आणि त्यांच्या रानाचे तुम्ही. त्यांनी यंदा अजून नाव घातलेलं नाही, बैलांच्या तिफणीनं पेरणार म्हणे. पण आपल्या रानासाठी फोन त्यांनाच जाणार. तुमच्यापुरता नियम बाजूला ठेवायचा तर मला पाच मिनिटांचं काम आहे. सांगा तसं करीन.

उत्तराची वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
उत्तरा


बोरी
दि. २८ मे २०२४

चि. उत्तरास आशीर्वाद. वि. वि.

सूट नाही म्हणजे नाही. तुझी पाच मिनिटं वाचली.

तुझा,
बाबा


बोरी
दि. १९ जून २०२४

चि. उत्तरास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी पत्र लिहायची नाही हे तुला ठाऊक आहे. हे तुला मिळेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

केंद्राचं छान चाललं आहे. यंदा नंबरावरून भांडण नाही. बायनाबाईचं रान पहिल्यांदाच वेळेवर पेरलं गेलं, ती ओटीत घालून काकड्या देऊन गेली. सगळीकडे पेरणी झाली, फक्त आपलं रान तसंच आहे. आश्रुबाभावजींना प्रोग्रॅमचा फोन जातो आणि ते कट करतात. निकिता म्हणाली, काका, मी मधे पडू का? तर यांनी तिला नको म्हणून सांगितलं. तिकडे भावजींचंही रान पडून आहे, तिफणवाला कबूल करून आलाच नाही. दोघंही आपापल्या दारात बसून आभाळाकडे बघतात. पस्तीस वर्षं संसार केला, पण हे इतके गप्प मी कधी पाहिले नाहीत. मला भीती वाटते की पेरणी उरकली की हे खरंच यंत्रं देऊन टाकतील.

गुडघा बरा आहे. तू नीट जेवत जा. आठवण येते.

तुझी,
आई


बोरी
दि. २१ जून २०२४

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईनं तुला काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं नाही, म्हणजे माझ्याविरुद्धच असणार.

काल सकाळी केंद्रात बसलो होतो. आश्रुबा आत आला. माझ्याकडे बघितलं नाही. हातात दाबलेल्या मातीचं ढेकूळ होतं, ते निकिताच्या टेबलावर ठेवलं. ठेवताच फुटलं. तिला म्हणाला की, या दत्तरावच्या रानाला वापसा आलाय, लिहून घे. निकिता म्हणाली, काका, फोनवर एक दाबलं असतं तरी झालं असतं. तर तो चिडला. म्हणाला, चाळीस साल झाले, याच्या रानाचा वापसा मी धुऱ्यावरून वरडून सांगायलोय, आता बटन दाबून सांगू का? याला ऐकू येत न्हाई, ही काय माझी चूक हाय? मी कानातलं यंत्र लावलेलं होतं, उत्तरा. सगळं ऐकू आलं.

मी निकिताला म्हणालो, आश्रुबाचं नाव घाल. तो नको म्हणाला नाही. मी त्याच्या फटफटीवर मागं बसलो, त्याच्या रानात गेलो, मूठभर माती दाबून टाकली, परवाच्या सरीनं ओल धरली होती, गोळा फुटला आणि तिथूनच निकिताला फोन केला. नंबर लागले. त्याचं रान हलकं, म्हणून यंत्र आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

आश्रुबा म्हणाला, तुझं लय दिवसांचं खोळंबलंय, तू घे पहिले. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. हेच मी त्याला मागल्या साली म्हणालो होतो, आणि तो उठून गेला होता. काल तो हसला. इतका हसला की त्याला तिथंच धुऱ्यावर, बांधावर बसावं लागलं. मग मीही शेजारी बसलो. त्याचं रान पेरून होईपर्यंत आम्ही तिथंच होतो.

जिंतूरच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं आहे. आज सकाळपासून यंत्र आपल्या रानात आहे. आश्रुबा बांधावर उभा राहून ड्रायव्हरला नको त्या सूचना देतो आहे, आणि त्या मला इथं घरापर्यंत ऐकू येताहेत.

तुझ्या रविवारांचं पीठ पाठवतो. आमचा लोभ होताच, यंदा त्यात आश्रुबाचाही धर.

तुझा,
बाबा