पप्पांचा उपदेश आणि तुझी फोडणी

प्रिय आई,

काल तुझ्या स्मरणार्थ ठेवलेल्या उपासनेला इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या चर्चमध्ये अग्निशामक दलाची गाडी आली. काय झालं ते माझ्याकडूनच ऐक. पप्पा प्रार्थनेत तुला वेगळंच काहीतरी सांगतील.

तू गेल्यापासून ते बोलतच सुटलेत गं. जेवताना, गाडीत, अगदी डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून बसलेले असतानासुद्धा! आफ्रिकेत, मलावीत बांधलेलं चर्च, त्याच्या विटा, पत्रे, तिथली पोरं. तुझं नाव मात्र नाही, डोळ्यांत टिपूस नाही. मला त्याचीच धास्ती वाटत होती.

त्या चर्चची मागची भिंत कमरेएवढीच का राहिली, आठवतं ना? उरलेल्या विटा पळवून तू पोरांसाठी चूल आणि ओटा बांधलास!

"देवाच्या घरच्या विटा चोरतेस?" पप्पा कडाडले होते.

"देव थांबेल. पोरं सकाळपासून उपाशी आहेत," तू म्हणालीस आणि आणखी दोन विटा उचलल्यास.

मग दर रविवारी त्या भिंतीपलीकडे घेवड्याची उसळ शिजायची. पप्पांचा उपदेश लांबायचा. बायबलमधला मोशे लोकांना घेऊन तांबड्या समुद्राशी पोचला, की तू लसूण-मिरचीची फोडणी द्यायचीस. चर्रर्र! सगळी पोरं मागे वळायची, पप्पांना ठसका लागायचा आणि "झालं गं, संपवतो!" म्हणून ते आमेन उरकायचे. आमच्या चर्चमध्ये मोशे समुद्रापलीकडे कधी गेलाच नाही!

आणि मला मात्र ताटांच्या रांगेत शेवटी उभं करायचीस. "पाळकाची मुलगी आधी जेवली तर बरं दिसेल का?" आई, बरं दिसलं असतं! मला अजून राग आहे.

तर काल पप्पा दोन शब्द बोलायला उठले. विटा झाल्या, पत्रे झाले, मग मोशे निघाला. समोर बसलेल्या काकूंना डुलकी लागली. मी खाकरले, खुणा केल्या. छे! तेव्हा तारा माझ्या कानाला लागली. "मम्मा, आजोबा विल नेव्हर स्टॉप. मी आजीवालं करू?"

"आजीवालं म्हणजे?"

"फोडणी, यार!"

जेवणाला तुझीच उसळ होती, फोडणी तेवढी राहिली होती. मी नको म्हणेपर्यंत ही किचनमध्ये! तुझी नात वकील झाली गं, पण आधी पंखा लावायचा असतो हे तिला कोणी शिकवलं नाही.

चर्रर्र! खकाणा उठला. पप्पांना ठसका लागला. त्यांनी किचनच्या दाराकडे हात केला आणि म्हणाले, "झालं गं मनोरमा, संपवतो!"

दारात पळी घेऊन तारा उभी होती. तू नव्हतीस. पप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि तिथेच माइकसमोर हुंदके देऊन रडले. मीही रडले. मग धुराचा अलार्म वाजला आणि सगळे पार्किंग लॉटमध्ये!

"हू वॉज कुकिंग?" गाडीतून उतरलेल्या माणसानं विचारलं.

"माय वाइफ," पप्पा डोळे पुसत म्हणाले. आत जाऊन, सगळं तपासून ती मंडळी उसळ खाऊनच गेली. एकानं दोनदा घेतली.

 घरी येताना पप्पा गाडीत म्हणाले, "तुझ्या आईला वाटायचं, ती विटा चोरते. तिला लांबून ओढाव्या लागू नयेत म्हणून चुलीजवळ मीच रचून ठेवायचो." तुला हे माहीत होतं का गं?

आता दर रविवारी फोडणी मी देईन आणि पहिलं ताटही मीच घेईन. तुला शब्द देते, पप्पांना एकटं बोलत ठेवणार नाही. फक्त एखाद्या रविवारी फोडणीला जरा उशीर करेन. मोशेला एकदा तरी पलीकडे जाऊ दे, बिचाऱ्याला!

रांगेत शेवटी उभी असलेली,
तुझी सुनीता