जिन्यात सापडलेलं ब्लूटूथ

३ मार्च, सोमवार
जिन्यात ब्लूटूथ सापडलं. एकच, कानामागे अडकवायचं. महागातलं दिसतं. ही म्हणाली, वॉचमनकडे देऊन टाका. मुळीच नाही! वॉचमनकडे गेलेली वस्तू परत आलेली मी अजून पाहिलेली नाही.

मेहुण्याला फोन केला. वकिलाकडे कारकून आहे. म्हणाला, सापडलेली वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी जपायची आणि मालक शोधायचा. पुढेही काहीतरी सांगत होता, पण मुद्दा कळल्यावर मी फोन ठेवला.

४ मार्च, सकाळी ७
मालकाचा शोध सुरू. जिन्यात उभं राहून तीनदा पुकारलं. ही म्हणते, चिठ्ठी लावा. म्हणजे वर्णन वाचून कोणीही भामटा हजर! तोंडीच पुकारणार. वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं, त्याची आई भांडून गेली. चांगलं करायला जावं तर बोलणी खावी लागतात. खाईन.

५ मार्च
पुन्हा पुकारलं. शेजारचे मास्तर समोरून गेले, ढिम्म लक्ष नाही. नमस्कार केला, त्यालाही उत्तर नाही. रिटायर झाले तरी ताठा गेला नाही. यापुढे मीही बोलणार नाही.

७ मार्च
कोणी आलं नाही. जपायचं म्हणजे चालू ठेवायचं, म्हणून कानात घातलं. गाणी लागत नाहीत. चार्जिंगला भोकच नाही. पण आवाज काय! स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय तेही कळतं. दुसऱ्याच्या कानातलं घालता, शी, असं ही म्हणाली. म्हणू दे.

९ मार्च, रविवार, सकाळी
आठवड्यात मालक आला नाही, तर वस्तू आपली. हा नियम मीच केला. मेहुण्याला विचारण्याची गरज नाही.

संध्याकाळी
मास्तर आले. मी आतल्या खोलीत, ब्लूटूथ कानात. दारातलं बोलणं शब्दन् शब्द ऐकू आलं. हिला सांगत होते, आठवडा झाला, कानाचं मशीन सापडत नाहीये. आज नातीनं फोनवर पहिल्यांदा आजोबा म्हटलं. सुनेनं नंतर मेसेज केला तेव्हा कळलं. आपण नुसतं हो हो करत बसलो होतो.

हात कानाकडे गेला. तरी ताठ मानेनं बाहेर गेलो. कायदा, पुकारा, चिठ्ठीतला धोका, सगळं सविस्तर समजावलं. मास्तर हसून मान हलवत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी माझ्या कानातलं मशीन काढलं, शर्टाला पुसलं, स्वतःच्या कानात बसवलं आणि म्हणाले, हं, आता बोला, काय म्हणत होतात?