एका पत्त्याला एकच परमिट

हॅमिल्टन, मंगळवार, मार्च २०१६

आमच्या गल्लीत आता फक्त रहिवाशांना पार्किंग, तेही एका पत्त्याला एकच परमिट. मी घरमालकीण जोनच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. मग मी रहिवासी की नाही? कौन्सिलचं पत्र दोनदा वाचलं, कळलं नाही.

परमिट जोनच्या नवऱ्याच्या, टॉमच्या गाडीला मिळालेलं. तो गेल्या वर्षी वारला, आणि जोन गाडी चालवत नाही. आज हॉस्पिटलच्या ड्युटीवरून आले तर ती परमिट घेऊन गेटपाशी उभी.

"तुझ्या गाडीला लाव."

"आणि टॉमची गाडी?"

"पुतण्या नेईल शनिवारी. तू घरी असशील ना? मला एकटीला बघवणार नाही."

परमिटला नको म्हणायला हवं होतं का? शनिवारची ड्युटी बदलून घेतली. परमिट पर्समध्येच आहे. टॉमची गाडी दारात आहे तोवर काचेवर लावायला मन धजत नाही.