गुरुवारच्या विमानाआधी

विनिपेग
एप्रिल, नदीवरचा बर्फ फुटायच्या बेतात

प्रिय रोझलिन,

हे पत्र अ‍ॅमॉसमामाबरोबर विमानानं पाठवतोय. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी ‘अगं, ऐक’ म्हणेपर्यंत तुझं ‘बाबा, जेवलास का, पेपर कसा गेला’ सुरू होतं आणि मी मुद्द्यावर येतो तेवढ्यात आपल्या बेटाची लाइन तुटते. पत्र मध्येच तुटत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील.

पेपर सुटला, पास झालो. फोनच्या सिग्नलच्या विषयाचाच, दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला मी आपटलो हे बेटावर पोराटोरांना ठाऊक आहे, कारण तूच गावच्या रेडिओवर जाहीर केलंस, ‘आमचे बाबा पन्नाशीत नापास झालेत, धीर द्यायचा असेल त्यांनी मासे पाठवावेत.’ लोकांनी खरंच खोकाभर मासे पाठवले! माझ्या खोलीत ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते वर्गातल्या जोमारच्या घरी गेले. त्याचे आईवडील फिलिपिन्समधून इथं आलेले. त्याच्या आईनं ते लसूण घालून असे तळले की जोमार म्हणाला, ‘काका, पुढच्या सत्रात पुन्हा नापास व्हा.’ त्याच जेवणानंतर त्यानं वही ओढली आणि मला गणित शिकवायला बसला. आठ वर्षं घरून अभ्यास करून मिळवलेली माझी पदवी त्याच्या गणितापुढं पाटीपेन्सिलच वाटली. वीस वर्षं मी आपल्या बेटावरच्या फोनच्या मनोऱ्यावर चढून तारा घट्ट करत आलो, पण त्यांतून जाणारा संदेश वाटेत मोडला तरी पलीकडे पुन्हा जुळतो कसा, हे मला त्या पोरानं शिकवलं. संदेशात मुद्दाम थोडी जादा अक्षरं मिसळून पाठवतात. काही गळालं तर उरलेल्यावरून हरवलेलं ओळखता येतं. कळलं तेव्हा मी इतक्या जोरात हसलो की त्याची आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

जानेवारीतल्या त्या सकाळबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. आईची मूत्रपिंडं गेल्यापासून डायलिसिससाठी तू रोज तिच्या पोटात पिशवीनं सोडतेस आणि काढतेस ते पाणी त्या दिवशी गढूळ आलं, म्हणजे आत जंतू शिरले; तू डॉक्टरांना व्हिडिओवर बोलावलंस आणि चित्र गोठलं. त्या वेळी मी वर्गात बसून, दूरच्या गावांना इंटरनेटच्या जाळ्यानं कसं जोडावं, यावर टिपणं काढत होतो. तू व्हिडिओचा नाद सोडलास, पिशवीचा एकच फोटो काढलास, तो अगदी लहान केलास आणि जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहिलीस. तो पोचला, म्हणून संध्याकाळच्या आत आईला इथल्या रुग्णालयात आणायला विमान आलं. मला हे सगळं डॉक्टरांकडून कळलं. तू फोनवर एवढंच म्हणालीस, ‘आईला घ्यायला जा, तिची निळी टोपी विमानात राहील, विसरू नकोस.’ टोपी राहिलीच होती.

आई इथं रुग्णालयात होती तेव्हा मी वर्ग बुडवले. तिथल्या नर्सनं मला पिशवी लावायला, काढायला शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं माझे हात चार वेळा धुवून घेतले. आई खाटेवरून म्हणाली, ‘बाई, अजून एकदा धुवायला लावा, लग्नापासून मी हेच सांगतेय.’ बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली. मग तुझा विषय निघाला. ‘ही पोर पिशवी लावताना माझ्याशी गोष्टी करत बसते,’ म्हणाली, ‘पोट दुखतंय हे विसरायला होतं. हिनं हेच शिकायला हवं.’ फेब्रुवारीत तू नर्सिंगच्या कॉलेजला अर्ज केलास, तेव्हा आईनं मला फोन केला आणि ही बातमी दोनदा सांगितली.

गेल्या सोमवारी मी आमच्या प्राध्यापिका थॉर्वाल्डसन यांच्याकडे गेलो. ‘मला घरी जायचंय,’ म्हणालो. त्यांना वाटलं, पुन्हा नापास व्हायची भीती. म्हणाल्या, ‘एलायजा, आता तर तुम्हाला जमायला लागलंय.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच जायचंय.’ मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘प्रबंध तुमच्या बेटावरच्या दवाखान्याच्या इंटरनेट लाइनवरच करा, तिथंच बसून. वर्षभर जास्त लागेल. शिष्यवृत्ती मात्र इथं राहणाऱ्यांनाच मिळते, तिचं मी काही करू शकत नाही.’ चालेल म्हणालो. खरं सांगतो, जिना उतरताना वाईट वाटलं. या वयात वर्गात पुढच्या बाकावर बसायला मला फार आवडत होतं. प्रबंध पुरा होईल की नाही, तेही आज सांगता येत नाही.

आता मुद्दा. त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, आईचा फोन आला होता. ती इतकं हळू बोलत होती की आधी वाटलं, लाइनच खराब आहे. तू शेजारच्या खोलीत होतीस. कॉलेजनं तुला जागा दिली आणि तू त्यांना ‘येणार नाही’ म्हणून कळवलंस, हे तिला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. तुला विचारलं तर म्हणालीस, ‘थंडीत कोण जाणार एवढ्या लांब!’ रोझलिन, तू उणे चाळीसमध्ये माशांची जाळी ओढणारी मुलगी आहेस. गुरुवारच्या विमानानं मी कायमचा घरी येतोय. आईच्या पिशव्या मी लावीन. हात धुतले की नाही ते बघायला ती आहेच. कॉलेजला मी फोन केलेला नाही, तो तुझा तू करायचा; शुक्रवारपर्यंत ते जागा दुसऱ्याला देणार नाहीत, एवढी चौकशी आईनं केलीय. तुला नर्स व्हायचंच नसेल, तर खुशाल पुन्हा नाही म्हण, मी एक अक्षर बोलणार नाही. पण आईच्या आजारपणाकडे बघून नाही म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा