पूर्वेकडे तोंड केलेला डबा

औरंगाबाद
९ मार्च १९८७

चि. पद्मास, अ. उ. आ.

पाण्याची टाकी जिन्याच्या वळणावर अडकली आहे. वर दोन गडी, खाली टाकीवाला कडुबा, मधे लोखंडी पत्रा. आणि त्यांच्या वरच्या पायरीवर बसून मी तुला लिहितो आहे. टाकी वर येऊ नये असं मनात आहे. तोंडाने बोलवत नाही, म्हणून पत्र.

गच्चीवर भार पेलेल अशी जागा एकच, जिन्याच्या भिंतीवरची. नेमका तिथेच मी डिसेंबरात तुपाचा रिकामा डबा बांधला आहे, पूर्वेकडे तोंड करून. सुईच्या टोकाएवढं छिद्र, आत फोटोचा कागद. सूर्य त्यावर रोज एक तिरपी रेघ ओढतो आणि रोज थोडा उत्तरेला सरकतो. जूनपर्यंत डबा केसभरही हलता कामा नये. हलला तर दोन सूर्य होतील. यंदा ढगच नाहीत, त्यामुळे एकही रेघ तुटणार नाही. आणि पुढच्या वर्षी आम्हाला पूर्व उरणार नाही. समोरच्या प्लॉटवर तीन मजली इमारत उठते आहे. खांब आमच्या कठड्याच्या वर आले.

कडुबा म्हणतो, साहेब, सूर्य काय पळून जातो व्हय, पाणी मातर जातं. तुझी वहिनी डब्याला सवत म्हणते. ते जास्त लागतं.

तरीही आत्ताच धीर करून टाकी अंगणात उतरवायला सांगितली आहे. तुझ्या ताऱ्यांचं कळव. आकाशाच्या नकाशात पूर्व-पश्चिम उलटी छापली म्हणून तू प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहिलंस, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, बाई.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
दादा


पिशोर
१६ मार्च १९८७

ती. दादा, शि. सा. न. वि. वि.

तारे ठीक आहेत. वीज संध्याकाळीच जाते, त्यामुळे आकाश फुकट मिळतं. काल शाळेतल्या पोरींना दुर्बिणीतून मृगातला धुरकट डाग दाखवला. सगळ्यांना दिसला, एकीला नाही. खरं बोलणारी तेवढी तीच असावी.

तुझा डबा मी घरमालकीण द्वारकाबाईंना समजावून सांगितला. त्या पाणी शेंदत होत्या. विहिरीत आता दोर संपतो, पाणी लागत नाही. म्हणाल्या, ह्या सूर्यानं आमची लई वाट लावली, आन् तुमचे भाऊ त्याचाच फोटू काढतेत व्हय? मी त्यांच्या हातातला दोर घेतला. तुला उत्तर सुचलं तर कळव.

तू डब्याबद्दल दीड पान लिहिलंस. वहिनी खालून गच्चीवरच्या न्हाणीत किती बादल्या नेते ते लिहिलं नाहीस. तिच्या गुडघ्याचं लिहिलं नाहीस. तुला सहा महिन्यांचा सूर्य दिसावा असं मलाही वाटतं. पण तिला जिना चढायला लावून मिळालेलं चित्र मी बघायला येणार नाही, एवढं नक्की.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, रागही तिच्यातलाच समज.

तुझी
पद्मा


औरंगाबाद
२ एप्रिल १९८७

प्रिय वन्सं, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं, गुडघ्याचा मजकूर सोडून. तो मी नंतर वाचला.

परवा दुपारी ह्यांनी आपणहून डबा सोडवला. मला न्हाणीत बोलावलं, दार लावलं, लाल दिवा लावला. म्हणाले, हा कागद धुवायचा नसतो, रेघा उन्हानेच उमटतात, फक्त बघायचा. जास्त उजेड लागला तर चित्र जाईल. कागद माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसायला लागले. मग न बघताच माझ्या हातून घेतला आणि समोरच्या औषधाच्या बशीत सोडला. सकाळी माझाच एक फोटो धुतला होता, औषधं तशीच भरलेली होती. कचेरीच्या अंधारखोलीत तीस वर्षं नकाशे धुतले, हाताला तेवढंच ठाऊक. कागद एका श्वासात काळा झाला.

आम्ही दोघं उभेच राहिलो. मग हे हसले, पण मला ते हसू बघवलं नाही.

चित्र काय ते मीच पाहिलं. मी, जी डब्याला सवत म्हणत होते. तेव्हापासून हे जेवताना, पान लावताना पुन्हा पुन्हा विचारतात. मी सांगते: तिरप्या, तपकिरी रेघा, एकीला लागून एक. खाली समोरच्या खांबांनी कुरतडलेल्या. आणि मधेमधे एखादी रेघ तुटलेली, सगळ्या एकाच जागी.

यंदा ढग नव्हते, म्हणून हे पेचात पडले. मला मात्र कळलं होतं. धुण्याची दोरी डब्याच्या खालून जाईल अशी ह्यांनी मोजून बांधून दिली होती. साडी जमिनीला लोळते म्हणून मी बांबू लावून दोरी उंच केली. नळ चार दिवसांनी येतो, धुणं त्याच सकाळी. चार दिवसांनी एकदा सूर्याच्या आड माझी साडी.

काल संध्याकाळी सांगून टाकलं. वाटलं, आता चिडतील. ह्यांनी हातातलं पान लावून माझ्यापुढे केलं. मग विचारलं, कोणती साडी. मी म्हटलं, बहुतेक हिरवी. म्हणाले, हिरवी तुला शोभते.

सुट्टी लागली की इकडे या. येताना दुर्बीण आणा आणि आमच्यावरची माया तशीच असू द्या.

तुमची
कालिंदी

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी कडुबा गडी घेऊन आला. जिन्याचा कठडा काढून टाकी वर नेली. नळ उद्या येईल.